दोनदा नको म्हणायचं

आमच्या घरात मागणं हा गुन्हा होता. चोरी परवडली असं आई तोंडानं कधी म्हणाली नाही, पण चेहऱ्यावरून तेच वाटायचं. लहानपणी कुणाकडे जायचं असलं की निघण्याआधी दारातच उजळणी व्हायची. काही खायला दिलं तर काय म्हणायचं? नको म्हणायचं. परत विचारलं तर? नको, खरंच नको. आणि तिसऱ्यांदा विचारलं तर? तर घ्यायचं, पण थोडंच, आणि बशीत एक घास तसाच ठेवायचा. नाहीतर त्यांना वाटेल यांच्या घरी खायला मिळत नाही. मी या शास्त्रात इतकी तयार झाले की वर्गात बाईंनी "उत्तर कोण सांगेल?" असं विचारलं तरी मी तिसऱ्या वेळेची वाट बघत बसायचे. तोवर दुसरीच कुणीतरी सांगून मोकळी झालेली असायची.

याचं मूळ म्हणे आमच्या खानदानात आहे. आईचे आजोबा बडोद्याच्या राजाच्या पदरी होते. "आपण दरबारातली माणसं," असं आई वासणा भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत अजून म्हणते. दरबारात ते नक्की काय करत, हे मी एकदा खोदून खोदून विचारलं. कारकून होते. आलेले अर्ज नीट लावून ठेवायचे. म्हणजे लोक काय काय मागतात ते दिवसभर वाचून त्या माणसाला मागण्याचाच वीट आला असणार, आणि तो वीट आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आलो. दागिने काही आमच्या वाट्याला आले नाहीत, हे आलं.

माझं लग्न मोडलं तेव्हाही मी काही मागितलं नाही. वकील हताश झाला. "बेन, कंईक तो मागो," काहीतरी तरी मागा, असं तो बिचारा म्हणत राहिला. मी दरबारातली. मी दोन बॅगा आणि कुकर घेऊन आईकडे आले, आणि कुकरही आईनंच दिलेला होता.

आता अशा बाईनं पोटासाठी काय करावं? तर मी लोकांकडे काम मागण्याची प्रेझेंटेशनं करते. गोरव्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. आम्ही पंपांची सील बनवतो आणि दुरुस्त करतो. पंपाचा दांडा फिरत असताना आतलं रसायन बाहेर गळू नये म्हणून बसवलेली कडी, एवढं समजलं तरी पुरे. पुढचं मलाही बरीच वर्षं समजत नव्हतं आणि त्यानं माझ्या प्रेझेंटेशनचं काही अडलं नाही.

कारखाना शेठचा. शेठ गुजराती, साठी कधीच ओलांडलेले, पोट पुढे आणि आवाज त्याच्याही पुढे. लेथवर काम चालू असताना ते ऑफिसातून हाक मारत आणि माणूस मशीन बंद न करता येत असे. त्यांची दोन्ही मुलं परदेशात. सणाला व्हिडिओ कॉल करतात आणि "पप्पा, हवे बंद करी दो," आता बंद करा, असं प्रेमानं सांगतात. शेठ फोन ठेवून अर्धा तास कुणाशी बोलत नसत. अर्धा तास म्हणजे त्यांच्या मानानं फारच झालं.

आमच्या प्रेझेंटेशनची एक ठरलेली पद्धत होती. पहिल्या स्लाइडवर शेठच्या वडलांचा फोटो, फोटोला हार, आणि खालून वर जाणारा उदबत्तीचा धूर. हा धूर हलता होता. तो काढून टाका म्हणून मी किती भांडले असेन. "जगात कुठं असं करतात?" मी म्हणायचे. शेठ म्हणायचे, "बेन, पहेलां बापुजी." एकदा मी गुपचूप धूर काढला, तर शेठनी भर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "धुमाडो क्यां गयो?" तेव्हापासून धूर राहिला.

बापूजींनंतर नाश्ता. बडोद्यात कुठलीही गंभीर गोष्ट खाल्ल्याशिवाय सुरू होत नाही. शेठ स्वतःच्या हातानं 'लीलो चेवडो'चा डबा घेऊन जात. हा आमच्या गावचा ओलसर, गोड-आंबट चेवडा. हाताला लागतो, त्यामुळे माणसाला नंतर बराच वेळ फोन हाताळता येत नाही. शेठचा त्यामागे हाच विचार होता असं मला नंतर कळलं. मग लोक चावत असताना मी माझ्या स्लाइड दाखवायचे. आणि शेवटी, माझ्या धन्यवादाच्या स्लाइडवर, शेठ खुर्चीत पुढे सरकून त्या मोठ्या आवाजात विचारत, "तो साहेब, ऑर्डर क्यारे मोकलो छो?"

ऑर्डर कधी पाठवताय. देणार का, असं नाही. कधी. मला दर वेळी जमिनीत शिरावंसं वाटायचं. मी डोळे खाली करून लॅपटॉपची वायर गुंडाळत बसायचे. वायर गुंडाळून होईपर्यंत ऑर्डर मिळालेली असायची, आणि मला वाटायचं की माझ्या आलेखांमुळे मिळाली. बारा वर्षं मला असंच वाटत होतं.

मग शेठच्या घशात गाठ निघाली. साधी होती, पण स्वरतंतूवर होती. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं सांगितलं, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही, आणि नंतरही पहिल्यासारखा आवाज येईल असं समजू नका. शेठनी अहमदाबादच्या भावाच्या नातीची लिहायची पाटी मागवून घेतली. ती आता मुलं वापरतात तसली, बॅटरीवर चालणारी, कोपऱ्यात सशाचं चित्र असलेली. काठीनं लिहायचं आणि बटण दाबलं की सगळं एका क्षणात साफ. ती पाटी गळ्यात अडकवून शेठ कारखान्यात फिरत. हसू यायचं आणि मग फार वाईट वाटायचं. कारखान्यात इतकी शांतता होती की लेथचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला.

आणि नेमक्या त्याच महिन्यात बाजव्याकडच्या एका मोठ्या केमिकल कंपनीनं आम्हाला बोलावलं. त्यांच्या सगळ्या पंपांच्या सीलचं वर्षभराचं काम. आधी ते मुंबईच्या एका कंपनीकडे होतं. शेठनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि पाटीवर लिहिलं. हे काम नाही आलं तर शेड भाड्यानं देणार. गोडाऊनसाठी एक जण मागे लागला आहे. मी वाचलं तशी त्यांनी बटण दाबलं. परत लिहिलं, 'छोकराओ साचुं कहे छे.' मुलं बरोबर सांगतात. ससा कोपऱ्यातून हसत होता.

मी बाहेर येऊन जिन्यात बसले. खाली लेथवर माणसं होती, कुणी वीस वर्षं जुनी. त्यांना कुठंतरी काम मिळालं असतं, हातात कसब होतं. माझ्या हातात काय होतं? पन्नाशीची बाई, येतं काय, तर स्लाइडवरचे बाण डावीकडून उजवीकडे सरकवता येतात. मला भीती वाटली. उगाच धीराचं काही बोलत नाही, सरळ भीती वाटली.

तयारी म्हणून मी आधी पैसे भरून एका शिबिराला गेले. अलकापुरीतल्या हॉटेलात एक सुटाबुटातला गृहस्थ प्रभावी सादरीकरण शिकवत होता. त्यानं आम्हाला सांगितलं की मीटिंगच्या आधी बाथरूममध्ये जाऊन कमरेवर हात ठेवून, छाती काढून दोन मिनिटं उभं राहायचं, आत्मविश्वास येतो. माझ्या शेजारी एक साडीवाले काका होते, त्यांनी विचारलं, "बाथरूममां बीजुं कोई आवे तो?" दुसरं कुणी आलं तर? गुरुजींनी घाईनं पुढची स्लाइड लावली. पण शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली. म्हणाले, समोरच्याकडून तुम्हाला काय हवंय ते स्वच्छ शब्दांत मागा; जे प्रेझेंटेशन मागत नाही ते फक्त कीर्तन. मी वहीत लिहून घेतलं आणि लगेच पान उलटलं.

घरी येऊन मी धन्यवादाच्या आधी एक नवी स्लाइड घातली. मोठ्या अक्षरांत लिहिलं, हे काम आम्हाला द्या. मी ती पाहिली आणि माझे कान तापले. 'द्या'च्या जागी 'द्यावे' केलं. मग 'देण्याचा विचार व्हावा' केलं. मग 'योग्य वाटल्यास' जोडलं. मग अक्षरं लहान केली. मग रंग फिकट केला. शेवटी ती स्लाइड अशी झाली की चष्मा असलेल्या माणसालाही ती रिकामीच वाटली असती.

रंगीत तालीम आईसमोर. आई आयुष्यभर शाळेत शिकवत होती, त्यामुळे तिच्यासमोर बोलताना आजही माझे हात आपोआप मागे जातात. तिनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मुंबईचा माणूस यायला चार दिवस लागतात आणि आमचा माणूस गोरव्याहून स्कूटरवर येतो, चहा निवायच्या आत, हा मुद्दा तिला आवडला. धूर फार आवडला. शेवटची स्लाइड आली तशी ती चष्मा सावरून पुढे वाकली.

"हे काय?"

"हे मागणं आहे, आई. असं मागावं लागतं."

"अगं, इतकं सगळं समजावून सांगितल्यावर त्यांना कळत नाही का? आपण कशाला तोंडानं म्हणायचं? हात पसरल्यासारखं वाटतं."

"व्यवसायात पसरतात हात."

"ते पसरतात," आई म्हणाली. 'ते' म्हणजे शेठ, शेजारी, सगळं गुजरात आणि बहुधा उरलेलं जगही. "आपण नाही." आणि मेथीचं पातेलं उचलून आत गेली. मी स्लाइड उडवली नाही, पण नुसती त्या स्लाइडकडे बघत बसले.

बाजव्याला जायच्या दिवशी शेठनी गाडी स्वतः काढली. मागच्या सीटवर लॅपटॉप, नमुन्याची सील आणि चेवड्याचा डबा. डब्याला त्यांनी सीटचा पट्टा लावला होता, लॅपटॉपला नाही. रेल्वे फाटकाच्या अलीकडे रसायनांचा तो ओळखीचा वास सुरू झाला तशी शेठनी काच वर केली आणि माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. कंपनीत शिरल्यावर मी आधी बाथरूम शोधलं. कमरेवर हात ठेवून उभी राहिलेही, तेवढ्यात सफाईवाली बाई आली आणि "कमर दुखे छे, बेन?" म्हणून विचारू लागली. मी हो म्हणाले.

मीटिंगला समोर दोघंच. एक खरेदीचे साहेब, केस विंचरलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. दुसरे मेंटेनन्सचे साहेब, जाडजूड, ज्यांचे पंप गळत होते ते. पहिली स्लाइड आली, धूर निघाला, आणि खरेदीच्या साहेबांनी नकळत हात जोडले. शेठनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेत गेल्या बारा वर्षांची सगळी भांडणं ते एकदम जिंकले. मी घाईत नाश्ता विसरून पुढे सरकले; डबा शेठच्या पायाशी तसाच राहिला.

आणि खरं सांगते, मी छान बोलले. हिंदीत बोलले, मधे मधे इंग्रजी. मेंटेनन्सच्या साहेबांनी दोन अवघड प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरं आली. स्कूटरच्या मुद्द्यावर ते हसले आणि म्हणाले, मागच्या वेळी मुंबईचा माणूस येईपर्यंत आम्ही पंपाखाली बादल्या ठेवल्या होत्या. सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात मी एका वाक्यात "मतलब"च्या जागी "म्हणजे" म्हणाले.

खरेदीच्या साहेबांनी मान वर केली. "तुम्ही मराठी?"

"हो. तुम्ही पण?"

"बडोद्याचेच. चार पिढ्या झाल्या. आमचे पणजोबा संस्थानाच्या नोकरीत होते."

झालं. दरबारातलं अजून एक माणूस. त्यानंतर मीटिंग मराठीत गेली आणि तिथून उताराला लागली. साहेब म्हणाले, "फार सुरेख मांडलंत हो." मी म्हणाले, "छे, कसचं, आपलं काहीतरी." ते म्हणाले, "नाही नाही, खरंच अभ्यास दिसतो." मी म्हणाले, "अहो, आमचं लहानसंच युनिट आहे."

शेठना मराठी येते. बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाला येतेच. 'लहानसंच युनिट' ऐकून त्यांनी गळ्यातली पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

मी मागण्याच्या स्लाइडवर आले. ती इतकी फिकट होती की साहेबांना वाटलं प्रोजेक्टर बिघडला. मी म्हणाले, "म्हणजे, तुम्हाला योग्य वाटलं तर, तुमच्या सोयीनं…" साहेबांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "वर्षभराचं काम तुम्हाला फावेल ना? म्हणजे आमचा आग्रह नाही हं. तुमच्यावर उगाच भार नको."

"छे छे, भार कसला. पण तुमचीही काही अडचण असेल तर आम्हाला मुळीच घाई नाही."

"तसं काही नाही. पण मग आत्ताच ठरवायला नको."

"नको, नको," मी म्हणाले. "सावकाश होऊ द्या."

दोघंही अत्यंत समाधानानं हसलो. दोन सुसंस्कृत माणसं भेटली की कसं छान वाटतं. साहेबांनी खिशातलं पेन सारखं केलं, खुर्ची मागे सरकवली, मी लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली. वायर निम्मी गुंडाळून झाल्यावर मला कळलं की मी माझ्या तोंडानं कारखाना बंद करून बसले आहे. आणि या वेळी ती पुढे सरकणारी खुर्ची आणि तो आवाज येणार नव्हता.

शेठ उठले. मला वाटलं आता डॉक्टरला धाब्यावर बसवून ते बोलणार, आणि आवाज कायमचा जाणार, आणि ते पापही माझ्याच गळ्यात. पण त्यांनी फक्त चेवड्याचा डबा उघडला आणि खरेदीच्या साहेबांसमोर धरला.

"नको, नको," साहेब म्हणाले, "आत्ताच जेवलोय."

शेठनी डबा थोडा आणखी पुढे केला. तोंडानं बोलता येत नव्हतं, म्हणून भुवया उंचावल्या.

"नाही, खरंच नको."

शेठनी डबा त्यांच्या छातीला टेकवला. साहेबांनी माझ्याकडे बघून लाजल्यासारखं केलं, "तुम्ही एवढं म्हणताय तर," म्हणाले, आणि समोरच्या बशीत मूठभर घेतला. मग आणखी एक मूठ. आणि बशीत, मी डोळ्यांनी पाहिलं, एक घास तसाच ठेवला.

मी त्या घासाकडे बघत राहिले. याच्याही आईनं दारात उभं करून उजळणी घेतलेली होती. या माणसाचा पहिला नको हा नको नव्हताच. माझ्याइतकं हे जगात कुणाला ठाऊक होतं? आणि त्याच्या पहिल्या नकोवर मी वायर गुंडाळून निघाले होते! उभ्या बडोद्यात एवढा मूर्खपणा फक्त मीच करू शकत होते.

मी परत बसले. वायर टेबलावर ठेवली. साहेबांच्या हाताला चेवडा लागलेला होता, त्यामुळे ते कुठं जाऊ शकत नव्हते.

"साहेब," मी म्हणाले, "हे काम आम्हाला द्या."

माझा आवाज चिरकला. साहेब दचकले. "अहो, देऊ ना, बघू की. एवढ्यात काय."

हा पहिला. "नाही साहेब, वर्षभराचं सगळं काम. आम्हालाच द्या. तुमचे पंप आम्ही गळू देणार नाही."

"तसं नाही हो, वर विचारायला हवं, मुंबईवाल्यांनाही वाईट वाटेल…"

हा दुसरा. आई समोर असती तर उठून आत गेली असती. मी म्हणाले, "मुंबईवाल्यांना वाईट वाटू दे. बादल्या तुमच्या माणसांनी लावल्या. आम्हाला हे काम हवंय, साहेब. नाही मिळालं तर आमचा कारखाना बंद पडेल. द्या."

मेंटेनन्सच्या साहेबांनी न विचारताच डब्यात हात घातला होता, ते चावायचे थांबले. खरेदीच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बशीकडे, मग परत माझ्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिसऱ्यांदा विचारल्यावर होतो तसाच. आपण हावरट नाही, समोरचाच फार मागे लागला, आता आपला नाइलाज आहे, असा तो निवांतपणा मी चांगला ओळखते.

"बरं," ते म्हणाले, "तुम्ही एवढं म्हणताच आहात तर…"

"आपी दो ने, साहेब," देऊन टाका ना, असं मेंटेनन्सचे साहेब चेवड्यातून म्हणाले. "बादल्यांचा कंटाळा आला."

"वरून सही घेतो. पुढच्या आठवड्यात पाठवतो."

मी धन्यवाद म्हणाले. धन्यवादाची स्लाइड मात्र दाखवायची राहूनच गेली.

परतताना फाटक बंद होतं. टँकरांची मालगाडी चालली होती, ती संपता संपेना. शेठनी इंजिन बंद केलं. त्यांनी मला शाबासकी वगैरे काही दिली नाही. पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं, 'मारो अवाज गयो.' माझा आवाज गेला. मी म्हणाले, "येईल हो, डॉक्टर म्हणालेत ना." त्यांनी मान हलवली. बटण दाबलं. परत लिहिलं, 'कारखानो हवे तमे चलावो.'

मी वाचलं. कारखाना आता तुम्ही चालवा. मी परत एकदा वाचलं. आणि तोंडानं मी काय म्हणाले?

"नको, नको. छे! मी कुठली शेठ? भलतंच काय."

शेठनी पाटी माझ्यासमोर तशीच धरली. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, मी इतक्या जवळून ते कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही, खरंच नको. मला नाही जमायचं ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, समजल्यासारखी मान डोलावली, आणि बटण दाबलं.

पाटी कोरी झाली. शेठ धंद्यातला माणूस; नाही म्हणजे नाही, तेही दोनदा. त्यांना काय माहीत की अजून एकदा विचारायचं असतं! त्यांनी पाटी मागच्या सीटवर ठेवायला हात वळवला. मालगाडीचे शेवटचे डबे दिसायला लागले होते. फाटकवाला बाहेर येऊन उभा राहिला. मागे हॉर्न सुरू झाले. परत विचारा ना, एवढंच म्हणायचं होतं मला, तेही मला म्हणता येईना. बारा वर्षं त्या कारखान्याचं प्रत्येक काम मी जगासमोर मांडलं होतं आणि तो मला हवा होता, तो मला आधीपासूनच हवा होता.

"शेठ!" मी ओरडले, कारण मालगाडीच्या खडखडाटात दुसरा मार्गच नव्हता. "कारखाना मला चालवायला द्या!"

शेजारच्या मोटारसायकलवरचं जोडपं वळून बघायला लागलं. बायको नवऱ्याला काहीतरी म्हणाली. शेठ हात अर्धा वळवलेला तसेच थांबले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. आवाज न काढता ते हसत होते, डॉक्टरनं हसायलाही मनाई केली होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी पाटी परत पुढे आणली आणि लिहिलं, 'क्यारथी?'

कधीपासून. फाटक उघडलं.

घरी आले तेव्हा आई नेहमीच्या खुर्चीत होती. मी सगळं सांगितलं. काम मिळालं हेही, फाटकाजवळचंही. ती ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, "तू मागितलंस?"

"मागितलं."

"तोंडानं?"

"ओरडून मागितलं. रस्त्यावर."

"आणि त्यांनी दिलं?"

"दिलं."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं दुखावली. विषय बदलावा म्हणून मी शेठनी दिलेला उरलेल्या चेवड्याचा डबा काढला, उघडून तिच्यासमोर धरला आणि म्हणाले, "घे ना."

"नको गं," आई म्हणाली.

"बरं," मी म्हणाले, आणि झाकण लावून डबा ओट्यावर ठेवायला निघाले.

मागे खुर्ची करकरली. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले, पण वळले नाही.

"आण इकडे तो डबा," आई म्हणाली.